ब्राइट एंजलची वहिवाट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून ब्राइट एंजलच्या वाटेने खाली उतरायचं, तर आधी एक डॉलर टोल भरावा लागे. तो सरकारी खजिन्यात जात नसे, रेल्वे कंपनीकडेही नाही. तो जाई राल्फ कॅमेरॉन नावाच्या माणसाच्या खिशात. हा गृहस्थ मूळचा मेन राज्यातला, ॲरिझोनात येऊन स्थिरावलेला. कोकोनिनो कौंटीचा शेरीफ, मग तिथल्या सुपरवायझर मंडळाचा अध्यक्ष, मग वॉशिंग्टनमध्ये ॲरिझोनाचा प्रतिनिधी आणि शेवटी सिनेटर, असा तो चढत गेला. ज्याच्या ताब्यात रस्ता असतो त्याच्या ताब्यात हळूहळू बाकीचंही येत जातं, हे महसूल खात्यातल्या नोकरीने मला शिकवलं होतं. त्याचा इतका ठसठशीत नमुना अमेरिकेत सापडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मी तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. नोकरी जवळजवळ सगळी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत. शेतरस्ता अडवला, बांध कोरला, विहिरीवरची वाट बंद केली, अशा अर्जांवर स्थळपाहणी करायची, पंचनामा लिहायचा, दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याचं कलम ५ मला अजूनही झोपेत म्हणता येईल. त्यामुळे लेक फिनिक्सहून कॅन्यन दाखवायला घेऊन गेली आणि त्या तांबड्या दरीत उतरणारी वाट समोर आली, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो सौंदर्याचा नव्हता. ही वाट कुणाच्या वहिवाटीची, हा होता.

त्या वाटेचा पहिला मालक म्हणजे जमिनीतली भेग. ग्रँड कॅन्यनचे कडे बहुतेक ठिकाणी सरळ तुटलेले आहेत. माणूस सोडा, शेळीही उतरणार नाही. इथे मात्र ब्राइट एंजल नावाचा भूस्तरभंग दरीला आडवा छेदून जातो. त्या रेषेवर खडक तुटला, एक बाजू वर सरकली, मधला भाग चुरडला गेला आणि त्या डबराचा उतार तयार झाला. वाट उतरू लागलं की हे डोळ्यांनी दिसतं: एका बाजूचा पांढुरका थर दुसऱ्या बाजूच्या त्याच थराशी जुळत नाही, बराच वरखाली आहे. नकाशाचे दोन कागद जोडताना गट नंबरांच्या रेघा जुळल्या नाहीत की माझी नजर जशी अडायची, तशीच ती तिथे अडली.

आम्ही उजाडताच निघालो. तोंडाशी उंची सुमारे २,०९० मीटर. आमचं ठिकाण ७.२ किलोमीटर खाली आणि साधारण ९३० मीटर खोल. वाट नदीपर्यंत जाते, पण एका दिवसात नदी गाठून परत येऊ नका असं उद्यानवाले पाटीपाटीवर बजावतात. इथे गड चढून मग उतरायचा नसतो, आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं असतं. लेकीने दोघींच्या पाठीवर पाणी दिलं होतं. मी शेंगदाणे, भडंग आणि मेथीचे ठेपले घेतले होते. रेंजरलोकही खारट खात राहा असंच सांगतात, नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होऊन माणूस कोसळतो. माझ्या भडंगाला असं सरकारी समर्थन प्रथमच मिळालं.

थोडं उतरल्यावर खडकात कोरलेला बोगदा लागतो. त्याच्या जवळच, वर कड्याच्या पोटाशी, तांबड्या रंगातली जुनी चित्रं आहेत. वाट वापरात होती याचा तो पहिला पुरावा. पंचनाम्यात आम्ही 'पूर्वापार वापराच्या खुणा' म्हणून जे लिहितो, ते इथे चित्रांतच लिहिलेलं होतं. ही वाट हावासुपाई लोकांची. पश्चिमेकडच्या एका उपदरीत, निळ्याहिरव्या पाण्याच्या ओढ्याकाठी त्यांचं मुख्य गाव. पण त्यांचा वावर तेवढ्यापुरता नव्हता. उन्हाळ्यात दरीत पाण्याकाठी मका, घेवडा, भोपळा पिकवायचा आणि हिवाळ्यात वरच्या पठारावर शिकारीला, रानमेवा गोळा करायला यायचं, असा त्यांचा वर्षाचा फेरा. ब्राइट एंजलच्या वाटेने अर्ध्यावर जो बारमाही झरा आहे, तिथेही त्यांची शेतं होती. वाट त्या झऱ्यासाठी होती.

गोऱ्या माणसांना ही दरी पहिल्यांदा दिसली १५४० मध्ये. कोरोनादोच्या स्पॅनिश मोहिमेतला गार्सिया लोपेझ दे कार्देनास आपल्या शिपायांसह काठावर पोचला. त्याला होपी वाटाड्यांनी आणलं होतं. तिघे जण नदीकडे उतरायला निघाले आणि जेमतेम एक तृतीयांश उतरून संध्याकाळी परत आले. वरून माणसाएवढे वाटलेले खडक सेव्हिलच्या मनोऱ्याहून उंच निघाले, असं त्यांनी सांगितलं. मिठासाठी या दरीत पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे होपी बरोबर असताना स्पॅनिश लोकांना वाट सापडू नये, याचं माझ्या लेकीला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. परका माणूस टेप घेऊन आला की गावात कुणालाच कुठली वाट ठाऊक नसते, हा माझा अनुभव आहे.

पुढची सव्वातीनशे वर्षं कागदावर या दरीत फारसं काही घडलं नाही. १८६९ मध्ये एका हाताचा मेजर जॉन वेस्ली पॉवेल नदीतून होड्या घेऊन गेला. एका गढूळ उपनदीला त्याच्या लोकांनी 'डर्टी डेव्हिल' म्हटलं होतं, म्हणून पुढे भेटलेल्या नितळ ओढ्याला त्याने 'ब्राइट एंजल' नाव दिलं. भूस्तरभंगाला आणि वाटेला ते नाव पुढे चिकटलं. मग कागद भराभर वाढू लागले. १८८० मध्ये हावासुपाईंसाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं. १८८२ मध्ये ते मोजून ५१८ एकरांवर आणलं गेलं, म्हणजे दरीतलं गाव आणि त्याभोवतीची शेतं, बस. पठार गेलं, शिकार गेली, ब्राइट एंजलचा झरा रेषेबाहेर राहिला. वहिवाट होती, नोंद नव्हती. अशी केस हातात आली की निकाल काय लागणार हे मला अर्ज वाचतानाच कळायचं.

नोंद केली ती खाणीच्या शोधात आलेल्यांनी. पीट बेरी, राल्फ कॅमेरॉन आणि त्यांच्या साथीदारांनी १८९०-९१ मध्ये हावासुपाईंची पायवाट रुंद केली, वळणं काढली, जनावर जाईल अशी केली, आणि बेरीने १८९१ मध्ये ती टोल रोड म्हणून कौंटीत नोंदवून टाकली. ॲरिझोना तेव्हा राज्य नव्हतं, प्रदेश होता, आणि वाट बांधणाऱ्याने ठरावीक मुदतीपर्यंत तिच्यावर टोल घ्यावा अशी कायद्यात सोय होती. खाणीतून काही निघालं नाही. पण १७ सप्टेंबर १९०१ रोजी सांता फे रेल्वेची पहिली गाडी विल्यम्स गावाहून थेट काठापर्यंत आली आणि खरी खाण कुठली ते कॅमेरॉनला समजलं. खाण होती ती प्रवाशांची. आमच्या नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. कॅमेरॉनने अमेरिकेत तोच रांजण मांडला, फक्त त्यातून राजाचा वाटा काढला नाही.

बोगद्यानंतर पांढरट-पिवळा कोकोनिनो वालुकाश्म लागतो. सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या इथे दगड होऊन बसल्या आहेत, वाऱ्याने रचलेले तिरके पदर अजून दिसतात. तिथून पुढे सगळं तांबडं. हर्मिटची तांबडी माती, सुपाईचे तांबडे पायऱ्यापायऱ्यांचे थर आणि खाली रेडवॉलचा उभा कडा. गंमत अशी, की रेडवॉलचा चुनखडक आतून करडाच आहे. वरच्या थरांतलं लोह पावसाच्या पाण्याने ओघळून त्याच्या अंगावर बसलं आहे. आमचा सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तो आम्हांला पुरातन वाटतो. इथे दीड तासाच्या उतरणीत त्याच्या पाचपट जुन्या दगडावर पाय पडतो.

याच कड्यातून वाट लागोपाठ वळणं घेत उतरते. त्या भागाला जेकब्स लॅडर म्हणतात. तिथे खालून खेचरांची रांग आली. पुढच्या स्वाराने हात वर केला. आम्ही आतल्या, डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभ्या राहिलो. दरीच्या बाजूला उभं राहायचं नाही हा इथला नियम. खेचरं गेली आणि मागे धूळ आणि उग्र वास राहिला. शंभरावर वर्षं झाली, या वाटेवर जनावराचा हक्क आधी आणि माणसाचा नंतर.

या वळणांकडे पाहताना मला वरच्या कड्यावरचा कोल्ब बंधूंचा स्टुडिओ आठवत होता. एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब यांनी १९०४ मध्ये तो वाटेच्या अगदी तोंडावर बांधायला घेतला, कॅमेरॉनच्या खाणीच्या दाव्यातल्या जागेवर. खेचरांवर बसून उतरणाऱ्या प्रवाशांचे ते फोटो काढत. फोटोच्या काचा धुवायला स्वच्छ पाणी हवं आणि काठावर पाण्याचा थेंब नाही. तेव्हा एमरी काचा घेऊन ७ किलोमीटर खाली झऱ्यावर पळत जाई, तिथे फोटो धुऊन काढी आणि प्रवासी परत यायच्या आत पुन्हा वर पोचून त्यांच्या हातात प्रती ठेवी. आम्ही ज्या वळणांवर दम खात होतो त्यांवरून तो धंद्यासाठी धावत होता.

१९०६ मध्ये टोलची मुदत संपली आणि वाट कौंटीकडे गेली. कौंटीत वजन कुणाचं? कॅमेरॉनचं. पण त्याची भिस्त तेवढ्यावरच नव्हती. त्याने वाटेच्या तोंडाशी, झऱ्यापाशी, मोक्याच्या जागी खाणींचे दावे दाखल करून ठेवले होते. सोनं, चांदी, तांबं असल्याचं सांगायचं आणि दाव्याच्या चौकटीत हॉटेल, तबेला, पाणी सगळं आपल्या हातात ठेवायचं. आमच्याकडे पडीक रानात दोन आंब्याची रोपं लावून 'फळबाग' म्हणून पीकपाहणी लावून घेणारे पुढारी मी पाहिले आहेत. पद्धत तीच.

त्याच १९०६ सालाची मला मोठी मौज वाटली. मुंबई इलाख्यात त्या वर्षी मामलेदार न्यायालयाचा कायदा झाला, ज्याने एखाद्या गरीब शेतकऱ्यालाही अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. अमेरिकेत त्याच वर्षी पुरातन वास्तूंच्या रक्षणाचा अँटिक्विटीज ॲक्ट झाला. त्याचा आधार घेऊन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने जानेवारी १९०८ मध्ये ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलं. कॅमेरॉनने त्यालाही आव्हान दिलं: एवढी मोठी दरी म्हणजे का पुरातन वास्तू? प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९२० मध्ये कोर्टाने निकाल दिला, की दाव्यांच्या जागी मोलाचं खनिज सापडल्याचा पुरावा नाही आणि दरी शास्त्रीय महत्त्वाची असल्याने स्मारक वैध आहे. अमेरिकेत आजही एखादं मोठं रान अध्यक्षांच्या सहीने राखीव झालं की याच निकालाचा दाखला निघतो. एका टोलवाल्याच्या हावेतून एवढं भक्कम कायदेशीर छत्र उभं राहिलं.

निकाल लागला म्हणून ताबा सुटतो असं नाही, हे कुठल्याही तहसील कचेरीत विचारा. कॅमेरॉन १९२१ मध्ये सिनेटर झाला आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या निधीलाच कात्री लावायच्या मागे लागला. रेल्वेने आधीच, १९११-१२ मध्ये, एक डॉलरचा टोल चुकवायला पश्चिमेला स्वतःची हर्मिट ट्रेल खोदून घेतली होती. काँग्रेसने ब्राइट एंजलची वाट विकत घेण्यासाठी एक लाख डॉलर मंजूर केले, तर १९२४ मध्ये कौंटीच्या मतदारांनी ती विकायला नकार दिला. मग उद्यानाने चिडून पूर्वेला साउथ कायबाब ट्रेल काढली. आज पर्यटक त्या वाटेवरून सूर्योदय पाहून हरखतात. ती खरं तर भांडणातून निघालेली पर्यायी वाट आहे. कॅमेरॉन १९२६ ची निवडणूक हरला आणि १९२८ मध्ये कौंटीने उद्यानाकडे येणाऱ्या रस्त्याच्या बदल्यात ब्राइट एंजलची वाट सरकारला दिली. टोल संपला. पर्यटनाच्या पुस्तकांत कॅमेरॉनची गोष्ट बहुधा इथे गोड होते.

उतरणीच्या शेवटी झरा आला. तांबड्या भिंतींच्या तळाशी अचानक हिरवी कॉटनवुडची झाडं, पाण्याचा खळखळाट, बाकडी, नळ. आम्ही बाकावर ठेपले सोडले. लेक म्हणाली, "आई, इथे राहावंसं वाटतं ना?" वाटलं. आणि वाटणारच, कारण तिथे माणसं राहतच होती. ज्या १९२८ मध्ये कॅमेरॉनच्या गोतावळ्याकडून वाट सुटून जनतेची झाली, त्याच १९२८ मध्ये इथे राहणारा शेवटचा हावासुपाई रहिवासी, कॅप्टन बरो, याला उद्यानाने इथून हलवलं. एकाच वर्षातले हे दोन फेरफार. पहिल्याचे कागद कोर्टकचेऱ्यांत कपाटं भरून आहेत, त्यावर पुस्तकं आहेत. दुसऱ्याला ना नोटीस, ना हरकतीची मुदत, ना सुनावणी अशी माझ्या ओळखीची कुठलीच पायरी लागली नाही.

पाण्याचंही तेच झालं. काठावरच्या हॉटेलांना तोवर रेल्वेच्या टाक्यांतून लांबून पाणी आणावं लागे. १९३२ पासून या झऱ्याचं पाणी पंपाने जवळजवळ हजार मीटर वर चढवायला सुरुवात झाली. ज्या पाण्यावर मका पिकत होता त्यावर न्हाणीघरं चालू लागली. पुढे १९७० मध्ये पलीकडच्या उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्याचं पाणी नळाने दरी ओलांडून आणलं गेलं, पण ते वर चढवणारे पंप आजही या झऱ्यापाशीच आहेत. वर काठावर पर्यटक बाटली भरतात ते पाणी या जागेवरून गेलेलं असतं.

परत चढताना बोलायला दम नव्हता, विचार करायला भरपूर वेळ होता. दीड मैलावरच्या आणि तीन मैलांवरच्या दगडी विश्रामघरांत आम्ही टेकलो. १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार तरुणांना काम म्हणून सरकारने ती बांधून घेतली. चांगलं घडीव काम आहे, सावली आहे. सरकारने ही वाट घेतली ती वाईट झालं असं मी म्हणणार नाही. कॅमेरॉनच्या हातात राहिली असती तर आज जेकब्स लॅडरवर पेप्सीचं दुकान असतं आणि माझ्यासारखीला बहुधा टोल परवडला नसता. टोलवाल्याविरुद्ध सरकार बरोबरच होतं. फक्त त्या दाव्यात एक पक्षकार सामीलच केलेला नव्हता, आणि ज्या दाव्यात आवश्यक पक्षकार सामील नाही तो निकाल अर्धवट असतो, मग तो सुप्रीम कोर्टाचा का असेना.

हावासुपाई मात्र अर्ज करत राहिले, पिढ्यान्‌पिढ्या. जानेवारी १९७५ मध्ये काँग्रेसने कायदा करून त्यांना पठारावरची सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत दिली. ५१८ एकरांवर दाबलेल्या लोकांनी कागदाच्याच मार्गाने मिळवलेला हा विजय महसुली माणसाने टोपी काढावी असाच आहे. पण झरा त्यात नव्हता. त्या जागेला गोऱ्या लोकांनी 'इंडियन गार्डन' म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे राहणारे गेले आणि त्यांचा ढोबळ उल्लेख तेवढा उरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये जमातीच्या मागणीवरून अमेरिकेच्या भौगोलिक नामकरण मंडळाने ते बदलून 'हावासुपाई गार्डन्स' केलं, आणि मे २०२३ मध्ये जमातीच्या लोकांसह तिथे समारंभ झाला.

झऱ्यापाशी मी या नव्या नावाची पाटी वाचली, तिचा फोटो घेतला, आणि माझ्या सवयीने दोन रकाने पाडले. जुन्नरला माझ्याकडे येणारे निम्मे वाद असे असत, की जमीन कसतोय एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. कसणारा नाव लावून मागायचा. इथे उलट आहे. नाव लागलं आहे, ताबा उद्यानाकडे आहे. नाव लागणं ही लहान गोष्ट नाही. कित्येक जणी माझ्यासमोर केवळ नाव लागलं म्हणून रडल्या आहेत. पण नाव लागलं की प्रकरण निकाली निघालं, असा शेरा मी कधी मारला नाही. ब्राइट एंजलच्या फाइलवरही मारणार नाही. माझ्या मते ते प्रकरण प्रलंबित आहे.